मामा उठला नाही ती सकाळ

आमच्या घरात मामाचं नाव कोणी काढत नसे. उन्हाळ्याच्या सुट्टीत साखरखेर्ड्यातली माझ्या वयाची सगळी पोरं मामाच्या गावाला जात, परत आल्यावर तिथल्या विहिरीच्या आणि आंब्यांच्या गोष्टी सांगत, आणि मी ऐकत बसे. मलाही मामा होता. पिंपळगाव राजाला राहायचा, मायचा सख्खा धाकटा भाऊ, दिगंबर नावाचा. पण तो मी लहानपणी कधी पाहिला नव्हता. एकदा मी मायला विचारलं, आपण मामाकडे काऊन जात नाही. ती तेव्हा वांगी निवडत होती. किडकं वांगं बाजूला टाकून ती म्हणाली, "तुले मामा नाही," आणि पुढचं वांगं हातात घेतलं.

आमचा भाजीचा मळा होता. वांगी, मिरची, सांभार म्हणजे कोथिंबीर, हिवाळ्यात कोबी. बाजाराच्या आदल्या दिवशी घरभर ओल्या गोणपाटाचा आणि कोथिंबिरीचा वास भरलेला असायचा. पहाटे बाबा बैल जुंपत, माय चुलीपुढे भाकरी थापत बसे, आणि त्या थापण्याच्या आवाजाने मला जाग येई. ज्वारीची गरम भाकर, मिरचीचा ठेचा, कधी वांग्याचं भरीत, यापलीकडे फारसं काही नसे, पण ते पोटभर असे. माय कामाला वाघीण होती. तिला माणसाचं कुठलंही वागणं सहन होई, फक्त आळस सहन होत नसे. उन्हं वर आल्यावर कोणी अंथरुणात दिसला की तिचा चेहरा वेगळाच व्हायचा. साधा राग नसायचा तो. तेव्हा मला त्याचा अर्थ कळत नव्हता.

अर्थ कळला तो बाबांकडून, मळ्यात पाणी देताना. मामा तरुणपणापासून कामचुकार म्हणून गावात प्रसिद्ध होता. चारचौघांत चांगला हिंडायचा फिरायचा, नांगर धरायचा, आणि मग एखाद्या सकाळी अंथरुणातच पडून राहायचा. पाय उचलत नाहीत म्हणायचा. दुपार कलली की आपोआप उठायचा, दुसऱ्या दिवशी ठणठणीत. आजोबांनी त्याला नांगराच्या रुमण्यानं मारलं होतं, मांत्रिकाकडे नेलं होतं, काही फरक पडला नाही. मग एका अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माय माहेरी गेली होती. सण झाला, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे आजोबा अचानक गेले. सगळं गाव जमलं. तिरडी बांधून झाली. एकुलता एक मुलगा खाटेवरून उठला नाही. लोकांनी त्याला बगलेत धरून उभं केलं, तर गोणीसारखा खाली बसला. शेवटी चुलतभावानं अग्नी दिला. संध्याकाळी मामा स्वतःच्या पायानं स्मशानात गेला, तेव्हा तिथे राख होती आणि परत निघालेली दोन-चार माणसं होती. त्यांनी त्याला चालत येताना पाहिलं. त्या दिवसापासून मायनं त्याच्याशी बोलणं टाकलं.

"तुह्या मायले कायी विचारू नको," बाबा म्हणाले. "तिचा बाप होता तो."

मी त्या वेळी अकरावीत होतो. मामाबद्दल माझं मत मायपेक्षा वेगळं असण्याचं काही कारण नव्हतं. बापाला खांदा न देणारा माणूस, एवढंच मत.

त्याच उन्हाळ्यात माझ्या चुलत बहिणीचं लग्न आमच्या दारात लागलं. मी दिवसभर राबलो. विहिरीवरून पाण्याचे हंडे आणले, मांडवाचे बांबू रोवले, पंगतीत वाढलं, वरातीपुढे पाय दुखेपर्यंत नाचलो. मग सगळ्यात शेवटच्या पंगतीला आम्ही पोरं बसलो आणि जेवणावर तुटून पडलो. वरण-भात, वांग्याची भाजी, पोळी, आणि बुंदी. आचाऱ्यानं उरलेल्या बुंदीची परातच आमच्यासमोर आणून ठेवली. पैज लागली. पैज मी जिंकलो. आणि तिथेच मांडवात, सतरंजीवर, अंग टाकलं.

सकाळी जाग आली ती चिमण्यांच्या आवाजानं. मांडवाच्या कापडातून ऊन खाली येत होतं. तोंडावर माशी बसली म्हणून मी हात उचलायला गेलो. हात उचलला गेला नाही. मला वाटलं अंगाखाली दबून मुंग्या आल्या असतील. दुसरा हात हलवून पाहिला. तोही हलला नाही. मग पाय. पाय जागेवर होते, सतरंजीचा खरखरीत स्पर्श टाचांना कळत होता, माशीचे पाय गालावर कळत होते, पण मी सांगितलेलं माझं अंग ऐकत नव्हतं. दुखत मुळीच नव्हतं. इतक्या वर्षांनंतरही त्या क्षणाबद्दल लिहिताना माझी बोटं मी एकदा वळवून बघतो. मरणाची भीती मला तेव्हा वाटली नाही, कारण भीतीपर्यंत मी पोचलोच नव्हतो. मला फक्त हे खरं वाटत नव्हतं. काल याच पायांनी नाचलो होतो.

बाबा मांडव सोडायला आले. "ऊठ बे सुधाकर, पाहुणे निघून राह्यले."

"बाबा, मले उठता येत नाही."

ते हसले. त्यांनी माझा हात धरून ओढला आणि सोडला. हात सतरंजीवर आपटला. बाबांनी तो पुन्हा उचलला, पुन्हा सोडला. मग ते हसायचे थांबले. त्यांनी काकाला हाक मारली, दोघांनी मला बगलेत धरून उभं केलं, आणि माझे गुडघे दुमडले. पाहुणे गोळा झाले. कोणी म्हणालं वारं गेलं अंगावरून, कोणी म्हणालं रात्री विहिरीवर गेलता, तिथलं कायी लागलं असंल. नवरीची आई रडायला लागली, शुभकार्यात हे काय झालं म्हणून. मला प्रत्येकाचं बोलणं ऐकू येत होतं. डोकं अगदी स्वच्छ होतं. मी बोलतही होतो, पण माझं कोणी ऐकत नव्हतं, सगळे माझ्याबद्दल आपसात बोलत होते.

मग माय घरातून बाहेर आली. पिठाचे हात तसेच. गर्दीतून तिनं मला पाहिलं. मला वाटलं ती धावत येईल. ती आली नाही. मांडवाच्या खांबाला धरून उभी राहिली आणि माझ्या पायांकडे बघत राहिली. बाकीचे घाबरले होते; माय घाबरली नव्हती, तिनं काहीतरी ओळखलं होतं. ती तिथेच, खांबाशी, हळूहळू खाली बसली.

गावचे डॉक्टर आले. भले माणूस होते. त्यांनी नाडी पाहिली, गुडघ्यावर बोटं मारून पाहिली, अशक्तपणा आहे, उन्हात राबला आहे, म्हणाले. लोकांनाही तेच हवं होतं. "सलाईन लावा, डॉक्टरसाहेब, मोठी बाटली लावा," काका म्हणाला. मांडवाच्याच बांबूला ग्लुकोजची बाटली टांगली गेली. सगळ्यांना बरं वाटलं, आता काहीतरी चाललंय म्हणून. मी ते टपटप पडणारे थेंब बघत पडलो. बाटली अर्ध्यावर आली आणि मला मान वळवता येईना. सकाळी निदान मान वळत होती. मग श्वास उथळ झाला. मी बाबांना सांगायला गेलो तर आवाज बारीक निघाला. ज्या बाटलीनं मला बरं वाटायला हवं होतं, तिच्यातल्या प्रत्येक थेंबाबरोबर मी आणखी आत बुडत होतो, आणि ते फक्त मला कळत होतं.

मायला कळलं. ती उठून जवळ आली, माझ्या छातीवर हात ठेवला, आणि बाबांना म्हणाली, "जीप काढा. मेहकरले न्या याले. आत्ताच्या आत्ता."

मेहकरच्या दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई होत्या. बारीक अंगाच्या, चष्म्याच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी आधी काकानं जीपमधून तशीच धरून आणलेली बाटली पाहिली आणि नळी बंद केली. मग माझ्या गुडघ्यावर हातोडी मारली. पाय हलला नाही. छातीवर तारा लावून त्यांनी हृदयाचा आलेख काढला, कागदाची पट्टी बोटांतून सरकवत बराच वेळ पाहिली. मग मला विचारलं, "काल काय काय खाल्लंस?"

मी बारीक आवाजात बुंदी म्हणालो. किती, ते बाबांनी सांगितलं. त्यांना वाटलं विषबाधेचा विचार चालू आहे. पण बाईंनी पुढे विचारलं, "आणि दिवसभर खूप काम केलं होतं? मग एकदम झोपला?"

"हो जी."

"घरात असं कोणाला होतं का? सकाळी उठता न येणं? मग संध्याकाळपर्यंत आपोआप बरं होणं?"

बाबांनी मान हलवली, नाही म्हणून. मी मायकडे पाहिलं. ती भिंतीला टेकून उभी होती. बाईंनी खुर्ची ओढून तिला बसवलं.

"माह्या भावाले," माय म्हणाली. "दिगूले. असाच पडे तो. असाच. धरून उभं केलं तं गुडघे असेच जात."

"कधी व्हायचं? काही आठवतं?"

"माहे वडील गेले त्या दिवशी." माय म्हणाली. "आदल्या दिवशी अखाजी होती. पुरणपोळी, आमरस. त्याले लय आवडे आमरस."

"त्यांना आता कसं आहे?"

"मले नाही मालूम," माय म्हणाली. "म्या त्याच्याशी बोलत नाही. आमाले वाटे, ढोंग करते."

बाईंनी तिच्याकडे एक क्षण पाहिलं आणि कपाटाकडे गेल्या. पोटॅशियमचं पातळ औषध त्यांनी पाण्यात कालवून मला चमच्याचमच्यानं पाजायला लावलं. खारट, कडवट, जिभेला झोंबणारं. गोड काही देऊ नका, साखरपाणीसुद्धा नको, असं त्यांनी बजावलं. माय पाजत होती. बरंचसं माझ्या हनुवटीवर सांडलं; ती ते पदरानं पुसायची आणि पुढचा चमचा भरायची. दुपार कलायला लागली तेव्हा माझ्या उजव्या हाताचा अंगठा हलला. मी त्याच्याकडे बघत राहिलो. मग मनगट. मग मान. संध्याकाळी, बाबांच्या खांद्यावर हात ठेवून, मी दवाखान्याच्या ओट्यापर्यंत चालत गेलो. ज्यानं मला सकाळी जीपमध्ये गोणीसारखं टाकताना पाहिलं होतं तो काका मला चालताना बघून एक पाऊल मागे सरकला.

बाईंनी आम्हा तिघांना समोर बसवून सांगितलं. "याच्या अंगातलं पोटॅशियम संपलं नव्हतं. ते रक्तातून निघून स्नायूंच्या पेशींत जाऊन बसलं होतं. गोड खाल्लं की सगळ्यांचंच थोडं जातं. याचं गेलं की स्नायू बंद पडतात. म्हणून ग्लुकोज दिल्यावर जास्त झालं. रात्री पोटभर भात खाल्ला तरी तसंच होतं, त्यापेक्षा भाकर बरी. यात मनाचा काही भाग नाही. मेंदू सांगतोय, स्नायूला ऐकू जात नाही, एवढंच. जन्मापासूनचा दोष आहे, रक्तातून येतो."

"कोणाकडून?" बाबांनी विचारलं.

"आईकडून आलेला दिसतो. बायकांमध्ये पुष्कळदा तो नुसता राहतो, दिसत नाही."

माय आपल्या हातांकडे बघत होती, पालथे आणि उताणे करून.

मी पुढे जीवशास्त्र शिकलो आणि खामगावला जन्मभर तेच शिकवलं, ते त्या दिवशीच्या त्या चार वाक्यांमुळे. आपल्या प्रत्येक पेशीच्या पातळ आवरणात असंख्य पंप बसलेले असतात, प्रथिनांचे. ते सोडियमचे तीन कण बाहेर टाकतात आणि पोटॅशियमचे दोन आत घेतात, सारखे, जन्मापासून मरेपर्यंत. हे सगळं उताराच्या उलट चालतं, म्हणून फुकट होत नाही. खाल्लेल्या भाकरीतून पेशी जी शक्ती तयार करते, ती खर्चावी लागते. नुसत्या झोपलेल्या माणसाच्या शक्तीचाही मोठा वाटा यात जातो. आत-बाहेर हा फरक टिकला तरच आवरणावर विजेचा ताण राहतो, आणि तो ताण असला तरच स्नायू आकुंचन पावतो. गोड खाल्लं की इन्शुलिन वाढतं, आणि इन्शुलिन या पंपांना जोरात कामाला लावतं. रक्तातलं पोटॅशियम भराभर आत जातं. इतरांना त्याचा पत्ताही लागत नाही. आमच्या घरात स्नायूच्या आवरणातलं दुसरं एक दार जन्मतः सदोष आहे. रक्तातलं पोटॅशियम उतरलं की त्या दारातून नको ती गळती चालू राहते, ताण मोडतो, आणि माणूस जागा, शुद्धीवर, मातीसारखा पडून राहतो. हे दार कोणतं, ते मेहकरच्या बाईंनाही तेव्हा माहीत नव्हतं. ते पुढे शोधलं गेलं. वर्गात हा धडा मी दरवर्षी शिकवला आणि दरवर्षी मधेच एकदा थांबावं लागलं. पोरांना वाटायचं सर विसरले.

दवाखान्यातून घरी आल्यावर माय काही दिवस नुसती कामात राहिली. भाकरी थापायची, मळ्यात जायची, यायची. मग एका सकाळी लुगडं बदलून माझ्यापुढे उभी राहिली. "चाल. पिंपळगावले जायचं."

खामगावला गाडी बदलून आम्ही दुपारी पोचलो. मामाचं घर विचारावं लागलं, कारण मायला ठाऊक असलेलं घर त्यानं सोडलं होतं. शेत निम्म्या वाट्यानं, बटईनं, देऊन तो बाजारगल्लीत एका खोलीत शिलाईचं काम करत होता. लग्न झालं नव्हतं. अशा माणसाला मुलगी कोण देणार. दारात आम्ही उभे राहिलो तेव्हा तो मशीनवर वाकून शर्टाची बाही जोडत होता. माझ्यासारखेच कान. माझ्यासारखीच पुढे आलेली मान. मी पहिल्यांदाच बघत होतो आणि मला माझंच म्हातारपण बघितल्यासारखं झालं. त्यानं वर पाहिलं. मशीन थांबलं.

"आक्का," तो म्हणाला.

माय उंबऱ्यावरच बसली. तिनं मला मानेनं खूण केली. म्हणून मी बोललो. मी कोण ते सांगितलं, लग्न सांगितलं, बुंदी, मांडवातली सकाळ, ग्लुकोजची बाटली, मेहकरच्या बाई, त्यांनी सांगितलेलं सगळं. मामा ऐकत होता, हातातलं कापड तसंच धरून. मग म्हणाला, "पुन्हा सांग बरं. ते मनाचं काय म्हणल्या डॉक्टरीणबाई?"

"यात मनाचा कायी भाग नाही, म्हणल्या."

"असं म्हणल्या?"

"हाव."

त्यानं कापड खाली ठेवलं. "मले बी वाटाले लागलं होतं का म्याच ढोंग करतो," तो म्हणाला. "सगळे म्हणत. माहा बाप म्हणे. मंग मले वाटे, खरंच असंल. पाय चालत असतीन आन माह्याच मनात खोट असंल. बापाले खांदा द्यायची माहीच इच्छा नसंल." तो हे अगदी शांतपणे म्हणाला, बाहीचं माप सांगावं तसं. मग माझ्याकडे वळला. "तू पडला होता तवा ऐकू येत होतं काय तुले?"

"सगळं," मी म्हणालो.

मला त्या क्षणी कळलं नाही मी काय बोलून गेलो. मायला कळलं. तिनं मान वर केली आणि भावाकडे पाहिलं. तो तिच्याकडे बघत नव्हता.

"तुले ऐकू येत होतं, दिगू?"

"हाव."

"म्या खाटेपाशी उभी राहून जे म्हणलं ते?"

मामानं मशीनचं चाक बोटानं थोडं फिरवलं. मायनं माझ्याकडे वळून, कोर्टात सांगावं तसं, स्पष्ट सांगितलं. "म्या म्हणलं होतं, बापाच्या जागी हा मेला असता तं बरं झालं असतं. त्याच्या तोंडावर म्हणलं होतं. मले वाटलं, लाजंनं तरी उठंल."

बाहेर कोणाची तरी सायकल गेली. मला वाटलं आता मामा तिला बाहेर काढेल, किंवा माय त्याच्या पाया पडेल, किंवा दोघंही रडतील. यातलं काही झालं नाही. मामानं कापड उचललं आणि म्हणाला, "संध्याकाळी गिऱ्हाईक येईल शर्ट न्यायले. एवढी बाही होऊ दे." आणि त्यानं मशीन चालू केलं. त्याची शिवण दोनदा वाकडी गेली, दोनदा त्यानं उसवली. माय उंबऱ्यावर बसून होती, मी भिंतीशी. बाही पूर्ण झाली तेव्हा ऊन दारातून आत आलं होतं.

तो आमच्याबरोबर त्या दिवशी साखरखेर्ड्याला आला नाही. "आज नाही," म्हणाला. नंतर आला, अनेकदा आला, पण ते पुढचं. त्या दिवशी तो स्टँडवर आम्हाला सोडायला आला. आम्ही गाडीत बसलो. तो खिडकीखाली उभा राहिला, गज धरून. कंडक्टरनं घंटी मारली, आणि मग माय खिडकीतून वाकली.

"रातच्याले काय खातो तू?"

"भात," मामा म्हणाला. "एकट्यापुरती भाकर कुठं थापू."

"रातचा भात सोड, दिगू," माय म्हणाली. "भाकर खात जा. बाई म्हणल्या आहेत."

गाडी हलली. तो गज न सोडता काही पावलं बरोबर चालत आला, चांगला भरभर चालत आला, आणि माय त्याच्या पायांकडे बघत राहिली.